गावाकडच्या वेबसाइटसाठी एसएसएल सर्टिफिकेट कोणतं घ्यायचं?

विदर्भातल्या तालुक्या-खेड्यांत वेबसाइट असणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. वरुड-मोर्शीकडची संत्री, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद, भिवापूरची मिरची विकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, बचत गट आहेत, शाळा, वाचनालयं, पतसंस्था आहेत. साइट बनते, पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, आणि मग गिऱ्हाइकाचा फोन येतो : “भाऊ, हे ‘सुरक्षित नाही’ असं लिहून येऊन राह्यलं, नंबर टाकू का नको?” जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस, म्हणजे माहिती बंदिस्त करून पाठवणारी जोडणी, नसलेल्या प्रत्येक साइटवर ही सूचना दाखवतो. ती आली की ऑर्डर तिथंच अडते. ती घालवायला साइटवर एसएसएल सर्टिफिकेट बसवावं लागतं.

ज्याच्या गळ्यात साइटची जबाबदारी पडली आहे, मग तो कंपनीचा सीईओ असो, शाळेतले संगणकाचे सर असोत की सेवा केंद्र चालवणारा पोरगा, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो. गावाकडच्या बहुतेक साइटना फुकटचं सर्टिफिकेट पुरतं. महागडं सर्टिफिकेट घेण्यापेक्षा, घेतलेलं सर्टिफिकेट वेळेवर कोण नवीन करणार हे ठरवणं जास्त महत्त्वाचं आहे.

सर्टिफिकेट करतं काय, आणि काय करत नाही

सर्टिफिकेटची कामं दोन. गिऱ्हाइकाच्या मोबाइलपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत (साइट जिथं ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरपर्यंत) जाणारी माहिती, म्हणजे नाव, फोन नंबर, पत्ता, पासवर्ड, वाटेत कोणाला वाचता किंवा बदलता येत नाही. आणि उघडलेली साइट त्याच पत्त्याची आहे याची ब्राउझरला खात्री पटते. बस, एवढंच. साइटचा मालक पैसे घेऊन माल पाठवतो की नाही, याची हमी त्यात नसते. योजनेच्या नावाखाली शेतकऱ्यांना लुटणाऱ्या बनावट साइटसुद्धा एचटीटीपीएसवर चालतात. म्हणून ‘कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी’ असं आपल्या सभासदांना कधी शिकवू नका. क्रोमने तर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं, कारण लोक त्याचा भलताच अर्थ घेत होते. कोणी फसलाच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन लावायचा, हे मात्र जरूर सांगा.

दुसरा गोंधळ खास आपल्याकडचा. ग्रामपंचायतीत, सीएच्या ऑफिसात डिजिटल सिग्नेचरची डोंगल असते. तिने ई-निविदेवर, दाखल्यावर, कंपनीच्या विवरणपत्रावर सही होते. ती डोंगल माणसाच्या नावाची असते. वेबसाइटचं सर्टिफिकेट साइटच्या पत्त्याचं असतं आणि ते सर्व्हरवर बसतं. डोंगल देणारा दोन्ही विकत असला तरी एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

आणखी एक. एसएसएल नावाचं मूळ तंत्र कधीच निवृत्त झालं. त्याची शेवटची आवृत्ती १९९६ ची. आज चालतं ते त्याच्या जागी आलेलं टीएलएस, पण बाजारात नाव जुनंच टिकून आहे. ‘एसएसएलपेक्षा भारी टीएलएस सर्टिफिकेट’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

पहिली पायरी : आहे का ते आधी पाहा

साइटच्या पत्त्याआधी एचटीटीपीएस टाइप करून उघडून पाहा. नीट उघडली तर सर्टिफिकेट बसलेलंच आहे, साध्या पत्त्यावरून तिकडे वळवायचं तेवढं राहून गेलं आहे. असं फार ठिकाणी असतं आणि लोक उगाच नवीन विकत घेतात.

ब्लॉगर, गुगल साइट्स यांच्यावरच्या किंवा तयार ऑनलाइन दुकानाच्या सेवेवरच्या साइटना सर्टिफिकेट तीच सेवा देते. तुम्हाला काही घ्यायचं नाही. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा, घेतलेलं असेल तर त्याच्या सी-पॅनेलमध्ये (साइट सांभाळायच्या पानावर) ‘एसएसएल स्टेटस’ नावाचं पान असतं. बहुतेक कंपन्या तिथं फुकटचं सर्टिफिकेट आपोआप बसवून देतात. काही होस्टिंगवाले मात्र पहिल्या वर्षी होस्टिंग स्वस्तात देतात आणि फुकटचं सर्टिफिकेट बसवायची सोयच बंद ठेवून दरवर्षी वेगळे पैसे घेतात. लेट्स एनक्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था आहे. होस्टिंग घेताना ‘लेट्स एनक्रिप्ट चालतं का?’ हा एकच प्रश्न लेखी विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

साइट सरकारी, जीओव्ही डॉट इन पत्त्यावरची असेल तर निवड तुमच्या हातात नसते. ज्या विभागाच्या व्यवस्थेवर साइट चालते त्यांनाच विचारावं लागतं. सहकारी बँकेचंही वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं, त्याचे स्वतःचे नियम आहेत. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिला हे लागू नाही.

दुसरी पायरी : किती तपासणीचं सर्टिफिकेट हवं?

बाजारात तीन प्रकार मिळतात : डीव्ही (फक्त डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, तपासणी), ओव्ही (संस्थेचीही तपासणी) आणि ईव्ही (त्याहून सखोल तपासणी). किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून नवीन माणूस इथंच बुचकळ्यात पडतो. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : तिन्हींत माहितीचं संरक्षण सारखंच होतं. फुकटच्या सर्टिफिकेटची कडी कच्ची आणि महागाची पक्की, असं काही नाही. फरक आहे तो सर्टिफिकेट देणाऱ्याने तुमची किती चौकशी केली यात. डीव्ही म्हणजे शेत कोण वाहतो एवढं बांधावर येऊन पाहणं. ओव्ही म्हणजे सातबारा काढून त्यावरचं नाव जुळवणं.

डीव्हीची चौकशी यंत्रच करतं. साइटवर सांगितलेली एक छोटी फाइल ठेवा, किंवा डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं याच्या नोंदीत, एक ओळ टाका. ती सापडली की डोमेन तुमच्या ताब्यात आहे असं मानलं जातं आणि काही मिनिटांत सर्टिफिकेट हातात येतं. लेट्स एनक्रिप्ट ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ पासून अशी सर्टिफिकेटं सगळ्यांना फुकट देते. शाळा, बचत गट, कृषी केंद्र, गावाच्या यात्रेची माहिती देणारी साइट, हळद-मिरचीचं छोटं दुकान, सगळ्यांना हे पुरतं. पैसे पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या, पानावर भरले जात असतील तरीही पुरतं, कारण गेटवेवाले एचटीटीपीएस मागतात, ओव्ही किंवा ईव्ही मागत नाहीत.

ओव्हीत संस्थेचं नाव सर्टिफिकेटच्या आत छापलं जातं, म्हणून संस्था खरोखर नोंदलेली आहे का हे माणूस तपासतो. कंपनीची सरकार दरबारची नोंद पाहतो, पत्ता जुळवतो, आणि कोणत्या तरी सार्वजनिक यादीत असलेल्या फोन नंबरवर फोन करतो. कागदावर हे सोपं दिसतं. आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं काय होतं बघा. नोंदणीकृत कार्यालय एखाद्या संचालकाच्या घरी असतं. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग नोंदणी दाखल्यावर एक, जीएसटीच्या कागदावर दुसरं. लँडलाइन कधीच बंद झालेला, मोबाइल नंबर कोणत्याही यादीत नाही. फोन आला तर तो इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि उचलणाऱ्या माणसाला कशाचा फोन आहे ते ठाऊक नाही. महिना असाच निघून जातो. ओव्ही घ्यायचंच असेल तर आधी सगळ्या कागदांवरचं नाव आणि पत्ता अक्षरनअक्षर एक करून घ्या, गुगल मॅप्सवर कंपनीची नोंद करून तिथं चालू नंबर टाका, आणि तो फोन कोण उचलणार ते ठरवा. नोंदणी नसलेल्या बचत गटाला ओव्ही मिळणं कठीणच, त्या वाटेला जाऊ नका.

मग ओव्ही घ्यायचं तरी कधी? मोठा खरेदीदार, निर्यातदार किंवा बँक करारात तशी अट लेखी घालत असेल तेव्हा. पतसंस्था सभासदांना खात्याची माहिती ऑनलाइन दाखवत असेल तर संचालक मंडळाने ओव्हीचा विचार करायला हरकत नाही. पण त्याच पैशात दोन टप्प्यांचं लॉगिन आणि नियमित बॅकअप होत असेल, तर मी ते आधी करा म्हणेन.

ईव्ही घेऊच नका. पूर्वी ईव्ही असलेल्या साइटवर ब्राउझरच्या पट्टीत हिरव्या रंगात कंपनीचं नाव दिसायचं, त्यासाठीच लोक पैसे मोजत. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते दाखवणं थांबवलं. आता गिऱ्हाइकाला काही फरक दिसत नाही, आणि विकणारे मात्र अजून तो हिरव्या पट्टीचा जुना फोटो दाखवतात. सोबत मिळणारी लाखो रुपयांची ‘वॉरंटी’ आणि साइटवर लावायचा शिक्का, यांच्याकडे पाहून निर्णय घेऊ नये.

तिसरी पायरी : किती नावांसाठी?

कागद घ्या आणि तुमच्या साइटची सगळी नावं लिहून काढा. मूळ पत्ता, त्याच्याआधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेला पत्ता, दुकानाचं उपडोमेन, म्हणजे मूळ पत्त्याआधी आणखी एक नाव जोडून केलेला पत्ता, असेल तर ते, वेबमेल असेल तर ते. ब्राउझरसाठी ही प्रत्येक वेगळी नावं आहेत. मूळ पत्त्याचं सर्टिफिकेट घेतलं आणि पत्रकावर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट पत्ता छापला, तर पत्रक वाचून येणाऱ्या प्रत्येकाला धोक्याचं पान दिसेल. साइट बनवणाऱ्याच्या मोबाइलवर सगळं ठीक आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बिघडलेलं, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

चार-पाच नावं असतील तर ती सगळी एकाच सर्टिफिकेटात घालता येतात. लेट्स एनक्रिप्ट एका सर्टिफिकेटात १०० पर्यंत नावं घेतं. प्रत्येक गटाला, प्रत्येक गावाला वेगळं उपडोमेन द्यायचं असेल, जसं तालुक्याच्या महिला संघाचं असतं, तर वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या उपडोमेनना मिळून चालणारं एकच सर्टिफिकेट, घ्या. तेही २०१८ पासून फुकट मिळतं, मात्र त्यासाठी डीएनएसमध्ये ओळ टाकूनच ताबा सिद्ध करावा लागतो, फाइल ठेवून भागत नाही. वाइल्डकार्ड एकाच पातळीपर्यंत चालतं. उपडोमेनच्या खालच्या उपडोमेनला ते लागू होत नाही, आणि मूळ पत्ता त्यात वेगळा लिहावा लागतो. गरज नसताना वाइल्डकार्ड घेऊ नये असं मला वाटतं. सर्टिफिकेटची एकच खासगी किल्ली (सर्व्हरवरची गुप्त फाइल) सगळ्या साइटवर ठेवली आणि एका ठिकाणाहून ती चोरीला गेली, की सगळ्याच उघड्या पडतात.

डॉट भारत मधलं मराठी नाव घेतलं असेल तरी अडचण नाही. सर्टिफिकेटात ते नाव रोमन अक्षरांच्या एका विचित्र दिसणाऱ्या रूपात येतं. ते पाहून घाबरू नका, ब्राउझर ते ओळखतो.

चौथी पायरी : नूतनीकरण कोण करणार?

खरी परीक्षा इथं आहे. लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. विकतचं पूर्वी वर्षभर चालायचं, पण ब्राउझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठराव करून ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी केली : १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. तेव्हा ‘तीन वर्षांचं सर्टिफिकेट’ असं कोणी विकत असेल तर तीन वर्षांचे पैसे एकदम घेतले जातात. सर्टिफिकेट मधल्या काळात पुन्हा पुन्हा बदलून बसवावंच लागतं. ते कोण बसवणार, हे पावतीवर लिहून घ्या.

हाताने नूतनीकरण करायचे दिवस संपले. सर्टिफिकेट आपोआप नवीन होईल अशीच व्यवस्था निवडा. होस्टिंगच्या पॅनेलमधली सोय वापरली तर ते काम तीच करते. स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्टबॉटसारखा प्रोग्रॅम बसवतात. आपोआप असलं तरी नजर हवी. डोमेनचं डीएनएस कोणी बदललं, साइट दुसरीकडे हलवली, की नूतनीकरण गुपचूप बंद पडतं आणि कळतं ते मुदत संपल्यावर. लेट्स एनक्रिप्ट पूर्वी मुदत संपण्याआधी ईमेल पाठवायचं, जून २०२५ पासून तेही बंद झालं. म्हणून मुदतीच्या पंधरा दिवस आधीची आठवण दोन जणांच्या मोबाइलमध्ये लावा. आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली आहे, ऑर्डर सुरू आहेत आणि साइटवर धोक्याचं पान झळकतं आहे, ही वेळ येऊ देऊ नका.

पाचवी पायरी : बसवल्यावर तपासणी

सर्टिफिकेट बसलं म्हणजे काम झालं असं नाही. आधी साधा पत्ता कायमचा एचटीटीपीएसकडे वळवा. पॅनेलमध्ये त्याचं बटण असतं. मग साइटची पानं एकेक उघडा. जुन्या पानात एखादा फोटो साध्या एचटीटीपी पत्त्यावरून जोडलेला असेल तर तेवढ्यासाठी पान पूर्ण सुरक्षित धरलं जात नाही, कधी फोटोच दिसत नाही. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधले साइटचे दोन्ही पत्ते बदलायला विसरू नका.

त्यानंतर क्वालिस कंपनीच्या एसएसएल लॅब्स या फुकटच्या चाचणीत साइटचा पत्ता टाका. दोन-तीन मिनिटांत ती गुण देते. गुणांपेक्षा एक गोष्ट पाहा : साखळी अपुरी आहे असं लिहिलं आहे का? तुमचं सर्टिफिकेट आणि ब्राउझरला ठाऊक असलेलं मूळ सर्टिफिकेट यांच्यामध्ये एक दुवा असतो. तो सर्व्हरवर बसवायचा राहिला तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साइट उघडते आणि अँड्रॉइड मोबाइलवर अडते. आपलं गिऱ्हाईक तर सगळं मोबाइलवरच.

क्लाउडफ्लेअर, म्हणजे गिऱ्हाईक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी सेवा, वापरत असाल तर एक सेटिंग बघून घ्या. तिथं ‘फ्लेक्सिबल’ निवडलं असेल तर गिऱ्हाईक ते क्लाउडफ्लेअर एवढाच रस्ता बंदिस्त असतो, तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत माहिती उघडीच जाते. ब्राउझरला ते कळत नाही. ‘फुल स्ट्रिक्ट’ ठेवा आणि सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवा.

तरीही कोणाकोणाला सूचना दिसते, ते का?

साइट ठीक असूनही दोन कारणांनी तक्रारी येतात. पहिलं कारण तारीख. कॉम्प्युटरच्या आतली छोटी बॅटरी संपलेली असते, लाइन गेली-आली की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षावर जाते. त्या तारखेला तुमचं सर्टिफिकेट जन्मलेलंच नसतं, म्हणून ब्राउझर ते नाकारतो. अशा कॉम्प्युटरवर बँकेपासून महाडीबीटीपर्यंत सगळ्याच साइट अडतात, ही त्याची खूण. तारीख-वेळ दुरुस्त करा, बॅटरी बदला.

दुसरं कारण जुना मोबाइल. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनना लेट्स एनक्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट ओळखता येत नाही. त्यासाठीची तात्पुरती सोय २०२४ मध्ये संपली. त्या फोनवर फायरफॉक्सची चालणारी जुनी आवृत्ती मिळाली तर ती टाकून साइट उघडून पाहा, कारण फायरफॉक्स विश्वासाची यादी स्वतःची ठेवतो. तुमच्या गिऱ्हाइकांत असे फोन खरंच बरेच असतील, तरच जुन्या फोनना ओळखीच्या दुसऱ्या कंपनीचं साधं डीव्ही विकत घेण्यात अर्थ आहे. विकत घेण्याआधी त्या फोनवर चालतं का, हे त्या कंपनीच्या एखाद्या चालू साइटवर तपासून घ्या.

चाव्या कोणाच्या हातात?

साइट बनवून देणारा पोरगा पुढे पुण्याला नोकरीला लागतो आणि डोमेन त्याच्याच ईमेलवर राहतं, हे आपल्याकडे सर्रास घडतं. डोमेन ज्याच्या ताब्यात, डीव्ही सर्टिफिकेट त्याला केव्हाही मिळतं. तेव्हा डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्या नावाने करून घ्या. सर्टिफिकेटची खासगी किल्ली कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने मागितली तर पाठवू नका. ती सर्व्हरवरच तयार व्हावी आणि तिथंच राहावी.

तुमच्या डोमेनसाठी आजवर कोणकोणती सर्टिफिकेटं निघाली हे सीआरटी डॉट एसएच या साइटवर कोणालाही पाहता येतं, कारण ती सगळी जाहीर नोंदवहीत चढतात. यादीत अनोळखी काही दिसलं तर चौकशी करा. याच कारणाने, लपवून ठेवायच्या कामाचं नाव उपडोमेनला देऊ नका. डीएनएसमध्ये सीएए नावाची नोंद टाकली तर कोणत्या संस्थेने तुमच्या डोमेनला सर्टिफिकेट द्यावं हे तुम्ही ठरवू शकता, आणि सप्टेंबर २०१७ पासून सगळ्या सर्टिफिकेट कंपन्यांना ती नोंद पाहणं बंधनकारक आहे.

माणूस काम सोडून गेला किंवा किल्ली बाहेर गेल्याची शंका आली तर आधी डोमेन, होस्टिंग आणि ईमेलचे पासवर्ड बदला, नव्या किल्लीवर नवीन सर्टिफिकेट काढा, ते बसल्याची खात्री करा आणि मग जुनं रद्द करा. आधीच रद्द केलं तर मधल्या वेळात साइटवर सूचना दिसू शकते.